निकाल राहू द्या, बसले किती ते सांगा

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षं लिपिक होतो. वर्गावर कधी शिकवलं नाही. पण शिकवणाऱ्यांची पगारबिलं, शिकणाऱ्यांचे दाखले आणि दोघांचे निकाल माझ्याच टेबलावरून गेले. निवृत्तीनंतर संपादकांनी हे ‘दप्तर’ सदर माझ्या गळ्यात घातलं. दहावीचा निकाल लागला की पत्रांचा ढीग येतो. यंदाच्या ढिगातली आणि वर्षभरात आलेली मिळून सहा पत्रं घेतली आहेत. नावं मागच्यासारखीच गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी पास झाली. आठवीसाठी दोन शाळा आहेत. एक तीन किलोमीटरवर, तिचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला, चौकात फ्लेक्स आहे. दुसरी सहा किलोमीटरवर, तिचा निकाल ८४ टक्के. भाऊबंद म्हणतात शंभरवाल्या शाळेत घाल. तुमचं काय मत? — एक पालक, ता. गेवराई

तुम्ही टक्के लिहिलेत, मुलं किती ते लिहिलं नाहीत. चौकात फ्लेक्स आहेच, तर आधी त्यावरचे फोटो मोजून या.

समजा चौदा फोटो निघाले. चौदा बसले, चौदा पास. आणि सहा किलोमीटरवरच्या शाळेतून पन्नास बसले, बेचाळीस पास. झाले ८४ टक्के. आता चौदातलं एक पोर गणितात अडकलं असतं तर शंभराचे थेट ९२.८६ झाले असते. दोन अडकले तर ८५.७१, म्हणजे शेजारच्या शाळेच्या पंगतीत. एका पोराला पेपरच्या दिवशी ताप आला म्हणून सात टक्क्यांनी घसरणारा आकडा शाळेचा दर्जा कसला सांगणार? तो त्या पोराची तब्येत सांगतो.

सबंध राज्याच्या आकड्याचीही तीच गत. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला एकदम ७७.१० झाला. मुलं एका वर्षात ढ झाली नव्हती. भाषांचे तोंडीचे वीस गुण त्या वर्षी बंद केले होते, म्हणून निकाल पडला. पुढच्या वर्षी गुण परत आले, शिवाय कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, आणि निकाल ९५.३० वर गेला. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळांनी दिलेले अंतर्गत गुण धरून निकाल लावला, तो ९९.९५. न झालेल्या परीक्षेचा निकाल सगळ्यात झकास!

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती सांगायची तर मला माझ्याच शाळेचं दप्तर उघडावं लागेल.

एका वर्षी आमचाही निकाल शंभर टक्के लागला. सोळा बसले, सोळा पास. गावात ताशा वाजला. मलासुद्धा नारळ आणि टोपी मिळाली, कारण बोर्डाचे फॉर्म मी भरले होते. संध्याकाळी ऑफिसात एकटा बसलो होतो. जनरल रजिस्टर टेबलावरच होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं, उघडलं की अख्खं टेबल व्यापणारं पुस्तक. एका मुलाला एक आडवी ओळ. डावीकडे नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा. उजवीकडे शेवटी शाळा सोडल्याची तारीख आणि ‘सोडण्याचे कारण’. दाखला दिला की त्या रकान्यात मी लाल शाईनं लिहायचो. सहज म्हणून हीच तुकडी आठवीत किती होती ते पाहिलं. एकोणतीस.

सोळाच्या शंभर टक्क्यांवर ताशा वाजला होता आणि उरलेल्या तेरा ओळींत लाल शाई माझ्याच हाताची होती. एक एक वाचत गेलो. चौघांचे आईबाप पुण्याकडे चाकणला कामाला गेले, ती पोरं तिकडच्या शाळेत लागली. तो दाखला खरा. दोन पोरांपुढे ‘सतत गैरहजर’. तिघांना नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर ‘तुझ्यानं होणार नाही, १७ नंबरचा फॉर्म भर’ असं सांगून दाखला हातात दिला होता. १७ नंबर म्हणजे खासगी विद्यार्थी. परीक्षा तीच, बोर्ड तेच, पण तो नापास झाला तर शाळेच्या निकालाला डाग लागत नाही. त्या तिघांतल्या एकानं पुढं खरंच फॉर्म भरला, दोन वेळा बसून पास झाला आणि आज पिकअप चालवतो. बाकी दोघांचं मला माहीत आहे, पण ते इथं लिहीत नाही.

आणि चार मुली. चौघींच्या पुढं एकच कारण, माझ्याच अक्षरात : ‘घरगुती अडचण’.

ही घरगुती अडचण काय असते ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तिला मांडव असतो, अक्षता असतात, पंगती असतात. पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलं असं दाखल्यावर लिहिलं तर लिहिणाराही गोत्यात आणि वडीलही. म्हणून अर्जात ‘घरगुती अडचणीमुळे’ लिहून आणायचे, आणि मी अर्जाबरहुकूम उतरवून घ्यायचो. एका मुलीचा आठवीत वर्गात दुसरा नंबर होता. तिचे वडील दाखल्यासाठी आले तेव्हा पत्रिकांचा गठ्ठा बगलेतल्या पिशवीत होता. एक मलाही दिली. मी जेवायलाही गेलो होतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाकडे येतो. दोन्ही शाळांच्या ऑफिसात जा आणि विचारा : यंदा दहावीला बसलेली तुकडी आठवीत किती होती? त्यातल्या मुली किती, आणि दहावीला बसल्या किती? कारकून टाळाटाळ करायला लागला की उत्तर मिळालंच म्हणून समजा. सहा किलोमीटरवाल्या शाळेत आठवीला चोपन्न होते आणि पन्नास बसले असं निघालं, तर त्या ८४ टक्क्यांना मी नमस्कार करीन. याचा अर्थ त्या शाळेनं कच्च्या पोरांनाही दारातून हाकललं नाही आणि बोर्डापर्यंत नेलं. नापास झालेल्या आठांपैकी पुरवणीला किती सुटले तेही विचारा; निकालानंतर लगेच होणारी ही परीक्षा सुरू झाल्यापासून मुलांचं वर्ष वाचतं, आणि चांगली शाळा त्यांना त्याआधी बोलावून शिकवते.

गणिताला आणि इंग्रजीला कायमचा शिक्षक आहे का, हेही बघा. छोट्या शाळेत एक पद रिकामं राहिलं की हिंदीच्या सरांच्या गळ्यात भूमिती येते. सर बिचारे रात्री गाईड वाचून सकाळी फळ्यावर उतरवतात. त्यांची चूक नाही, पण तुमची पोर तिथं शिकणार आहे.

आणि दहावीची परीक्षा कुठल्या केंद्रावर होते हेही कानोसा घेऊन ठेवा. काही केंद्रांवर पेपर सोपे जातात. का ते मी लिहायला नको.

राहिलं अंतर. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट आहे. सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बस आहेत, आठवीपासूनच्या मुलींना सायकलही मिळते. पण साडेपाचला शाळा सुटल्यावर येणारी गाडी खरंच साडेपाचला येते का, ते एक दिवस स्वतः थांब्यावर उभं राहून बघा. आमच्याकडच्या चार-सहा मुलींची शाळा अभ्यासानं सुटली नाही. गाडी चुकली, अंधार झाला, आणि घरचे म्हणाले, बस झालं.

प्रश्न : मी सहा महिन्यांपूर्वी शिक्षणसेवक म्हणून डोंगरी भागातल्या शाळेत रुजू झालो. गणित-विज्ञान शिकवतो. दिवाळीपर्यंत नववीचा वर्ग भरलेला होता, नंतर निम्मा झाला. स्टाफरूममध्ये ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘तांड्यावरच्या अन् वस्तीवरच्या लेकरांना शिक्षणाची आवडच नसते, निकाल त्यांच्यामुळंच पडतो.’ मला पटत नाही, पण वार्षिकचे गुण पाहिले तर तसंच दिसतं. — एक तरुण शिक्षक, ता. शिरूर कासार

सर, तुम्ही चुकीचा रकाना वाचताय. तुमचे ज्येष्ठ सहकारीही तोच वाचतात, आणि मीही बरीच वर्षं तोच वाचला.

दरवर्षी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरून आपण यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती भरतो. मुलं किती, मुली किती, अनुसूचित जाती किती, जमाती किती. आपल्या राज्यात शिवाय विमुक्त जाती अ, भटक्या जमाती ब, क, ड, विशेष मागास, इतर मागास. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, तीही त्याच तारखेच्या पटावर. मी हे रकाने इतक्या वेळा भरले की झोपेत बेरीज जुळवीन. आता दसरा कधी येतो ते बघा. ३० सप्टेंबरच्या आगेमागे, बहुतेक वेळा ऑक्टोबरात. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक यायला लागतात. म्हणजे सरकार मुलं मोजतं ती वर्ग भरलेला असताना. पंधरा-वीस दिवसांत त्यातली निम्मी सांगली, कोल्हापूर नाही तर कर्नाटकातल्या फडात असतात, आणि कागदावर वर्षभर वर्गात.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ऊसतोडीत नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामात ऊस तोडून फेडायची. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तो मार्च-एप्रिलात, तोवर परत येता येत नाही. नववीतलं पोरगं बरोबर असलं की मोळ्या बांधायला, वाढे म्हणजे उसाचे शेंडे गोळा करायला हात मिळतो. मुलगी असली की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, भाकरी आणि धाकट्याला सांभाळायला माणूस होतं. पोराला शिक्षण नकोय म्हणून आईबाप त्याला नेत नाहीत. गावात त्याच्यापुढं ताट ठेवायला कुणी नसतं म्हणून नेतात.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी एक उद्योग केला. नववीच्या जुन्या निकालपत्रकांवर पेन्सिलीनं खुणा केल्या : जो हंगामाला जातो त्याच्यापुढं फुली, जो राहतो त्याच्यापुढं टिंब. जातीचा रकाना हातानं झाकून ठेवला. आणि प्रथम सत्राचे गुण दुसऱ्या सत्राच्या गुणांशेजारी मांडले. प्रथम सत्रात फुल्या आणि टिंबं सगळीकडे विखुरलेली. वर फुल्या, खाली टिंबं, मध्ये दोन्ही. एका फुलीवाल्या मुलीला विज्ञानात चाळीसपैकी एकतीस, वर्गात सगळ्यात जास्त. दुसऱ्या सत्रात तिच्यापुढं ‘गै.ह.’, आणि खाली ओळीनं गै.ह., गै.ह., गै.ह. मग हात काढला. फुल्या बहुतेक वंजारी, लमाण, मातंग आणि दोन मराठा घरांच्या; ज्यांच्याकडं जमीन आहे पण पाणी नाही, किंवा जमीनच नाही.

जातीचा संबंधच नाही असं मी म्हणत नाही. कोणाच्या वाट्याला विहीर आली आणि कोणाच्या वाट्याला कोयता, हे जातीनंच ठरवलंय. पण गणितातले गुण जातीनं कापले नाहीत. ते नोव्हेंबर ते मार्चनं कापले. तुमच्या सहकाऱ्यांना वाद घालून पटणार नाही. त्यांच्यासमोर ते दोन सत्रांचे गुण ठेवा, जातीचा रकाना झाकून.

तांड्यावरच्या मुलांचं आणखी एक असतं. ती घरी गोरमाटी, म्हणजे लमाणांची बोली, बोलतात. मराठी त्यांची शाळेतली भाषा, इंग्रजी तिसरी. प्रश्नच कळला नाही म्हणून गप्प बसलेलं पोर आणि उत्तर येत नाही म्हणून गप्प बसलेलं पोर लांबून सारखंच दिसतं.

आता काय करायचं ते. दसऱ्याच्या आधी, म्हणजे भाद्रपदातच, घरोघर जाऊन ‘यंदा कोण जाणार’ याची यादी करा. ज्याची आजी गावात राहते ते पोर राहू शकतं. फक्त आजीला जेवणाची सोय हवी. हंगामी वसतिगृह त्यासाठीच असतं, पण ते बहुतेक ठिकाणी आठवीपर्यंतच्या वयाला. नववी-दहावीसाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, २०२१ च्या निर्णयातली. तिथं जागा आहे का ते जूनमध्येच विचारा, ऑक्टोबरात नाही. ज्यांना जावंच लागतं त्यांना हमीपत्रक द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. ते किती बसतात हे तुम्हीही जाणता. तरी द्या.

अभ्यासक्रमाचा क्रम तुमच्या हातात आहे. ज्या धड्यांवर पुढचं सगळं उभं आहे ते दिवाळीच्या आत संपवा. आमच्याकडच्या विज्ञानाच्या बाई तसं करायच्या, आणि मुकादमाच्या मोबाइलवर रविवारी रात्री फोन लावून पोराला बोलवायला सांगायच्या. मुकादम आधी शिव्या द्यायचा, मग स्वतःच ‘बाईचा फोन आलाय रे’ म्हणून कोपीकोपीनं ओरडायचा.

आणि एक कारकुनी विनंती. मार्चमध्ये कुणी कितीही सांगितलं तरी त्या मुलांची नावं कमी करायला सही देऊ नका. ‘सतत गैरहजर’ हा शेरा एकदा लाल शाईत पडला की तो पुसून परत येणारं पोर मी एकतीस वर्षांत दोनदाच पाहिलं.

प्रश्न : आमच्या १९९८ च्या दहावीच्या बॅचनं शाळेला एक लाख रुपये द्यायचं ठरवलंय. निम्म्या पैशांत डिजिटल बोर्ड आणि निम्म्याच्या व्याजातून दहावीत पहिल्या येणाऱ्याला दरवर्षी बक्षीस, असा विचार आहे. — माजी विद्यार्थी, सध्या पिंपरी-चिंचवड

पैसे द्या, बक्षीस देऊ नका. पहिला येणारा कुठंही पहिला येतो, आणि बहुतेक वेळा तो एखाद्या शिक्षकाचा नाही तर दुकानदाराचा मुलगा असतो. डिजिटल बोर्डाचं म्हणाल तर आमच्याकडं एक आहे. वीज नसते तेव्हा त्यावर सूचना चिकटवतात.

सरकारी हिशेबात पोरगं आठवीलाच मोठं होतं. शिक्षण हक्काचा कायदा आठवीपर्यंत, फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, खिचडीही आठवीपर्यंत. नववीतली पोरं मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात उभी राहून धाकट्या भावाच्या ताटाकडं बघतात. आमच्या स्वयंपाकीण मावशी तळाची खिचडी गुपचूप काढून ठेवायच्या आणि तपासणीला साहेब आले की पातेल्यावर ताट झाकून उभ्या राहायच्या. तुमचा लाख तिथं घाला : नववी-दहावीची वह्या-पुस्तकं, आणि हंगामात मागं राहिलेल्या मुलांचं दुपारचं जेवण.

त्यातूनही उरले तर आठवीच्या मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची पुस्तकं घेऊन द्या. त्यात निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दर वर्षी बारा हजार रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार. तुमच्या पाच-दहा हजारांच्या पुस्तकांनी दोन मुलं लागली तरी लाखाच्या जवळपास झाले. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारू नका, मुलींना विचारा. कडी चाळीस रुपयांना मिळते.

प्रश्न : मी दहावीत आहे. सहामाहीला गणितात ८० पैकी ११ मिळाले. बाकी विषयांत पास आहे. सर म्हणतात तुझ्यामुळं शाळेचा निकाल जाईल. मी १७ नंबर भरू का? — एक विद्यार्थी

भरू नकोस. तू शाळेच्या पटावर आहेस, तुला तिथूनच बसायचा हक्क आहे. शाळेचा निकाल सांभाळायचं काम तुझं नाही.

हिशेब ऐक. गणित शंभराचं : बीजगणित चाळीस, भूमिती चाळीस, अंतर्गत वीस. पास व्हायला सगळे मिळून ३५. वह्या, गृहपाठ, प्रात्यक्षिक वेळेवर पूर्ण केलंस आणि अंतर्गतचे सतरा-अठरा पडले, तर लेखीत दोन्ही पेपर मिळून सतरा-अठरा लागतात. अकरा तुझ्याकडं आहेतच. राहिले सहा-सात. मी गणिताचा माणूस नव्हे, म्हणून आमच्या गणिताच्या बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या : दोन चलांतील समीकरणं, संभाव्यता आणि सांख्यिकी एवढं पक्कं कर, भूमितीत रचना सोडू नकोस, कारण कंपास चालवता आला की तिथं गुण पडतातच, आणि पायथागोरस. बाकीच्याला सध्या हात लावू नकोस. रोज चार उदाहरणं, वहीत, पुस्तक बंद करून.

आणि अकरा पडले म्हणून तुला जे बोलले, त्यांचा पेपर बोर्डात कुणी तपासत नाही. तुझा तपासतात. उत्तरं कोरी सोडू नकोस. पायऱ्यांना गुण असतात.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवी ते दहावी मिळून पट साठच्या खाली आला आहे. शहरातल्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आता गावात येते. संस्थेनं शिक्षकांना प्रत्येकी दहा मुलं आणायचं लक्ष्य दिलंय. उपाय सुचवा. — एक मुख्याध्यापक, धाराशिव जिल्हा

१५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आल्यापासून तुमच्यासारखी पत्रं वाढलीत, आणि शिक्षकांची पदं जाण्याची भीती खोटी नाही. पण दहा मुलं आणायची कुठून? घरटी पोरं कमी झाली. चार-पाच भावंडांची ओळ एकाच पानावर लिहिलेली मला आठवते. शेवटच्या वर्षांत एका आडनावाला एक ओळ, फार तर दोन. गावात जितकी पोरं आहेत तितकीच आहेत. तुम्ही दहा आणलीत तर शेजारच्या शाळेची दहा गेली, आणि जूनमध्ये तेही तुमच्याकडं येतील, सायकलचं आमिष घेऊन.

पट फुगवायच्या फंदात तर पडूच नका. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, ती आठवा. एकाच वेळी सगळ्या शाळांत माणसं मोजायला, आणि मोजलेल्या पोराच्या बोटाला मतदानासारखी शाई. आमचा पट खरा होता, तरी मला रात्रभर झोप नव्हती. पोरांना मात्र आपण मत दिल्यासारखं वाटत होतं. आठवडाभर बोटं दाखवत फिरत होती. एका शाळेत, नाव सांगत नाही, मोजणीच्या दिवशी शेजारच्या गावची लेकरं टेम्पोनं आणली. ती उतरली तेव्हा त्यांच्या बोटांना आधीच शाई होती.

माझा एकच उपाय आहे आणि तो तुम्हाला आवडणार नाही. नवी मुलं शोधत हिंडण्याऐवजी रजिस्टर घ्या आणि गेल्या तीन वर्षांत आठवी-नववीतून कोण गळालं त्यांच्या घरी जा. आमच्या शेवटच्या मुख्याध्यापिकेनं हे केलं. पहिल्या उन्हाळ्यात पाच परत आले, त्यातल्या दोन मुलींना मुलगा झालेला होता, त्या १७ नंबरनं बसल्या. बाकीचे तिघं पटावर आले. तीन म्हणजे काही दहा नाहीत. पण ते तिघं कुणाच्या शाळेतून चोरलेले नव्हते.

प्रश्न : आमच्या वडिलांच्या, दोन काकांच्या आणि आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जूनच आहे, फक्त सालं वेगळी. हे कसं शक्य आहे? — एक वाचक, अंबाजोगाई

शक्य आहे, आणि तुमच्या आजीचा त्यात काही हात नाही. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन यायचा, जन्म कधीचा विचारलं तर ‘मोठ्या पावसात झालं’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली’ असं सांगायचा. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हातात आला की सहा वर्षं पूर्ण, लिहा १ जून. आमच्या जुन्या रजिस्टरांत अशी पानंच्या पानं आहेत. आता जन्मदाखले येतात, त्यामुळं पोरं बाराही महिने जन्मायला लागलीत.

दुरुस्ती मात्र आता विसरा. नाव, जात, तारीख यातला बदल मूल पटावर असेपर्यंत पुरावे जोडून मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडं मागायचा असतो. शाळा सोडल्यावर तो करून घेणं फार अवघड होतं. तुमच्या घरात कुणी आज शाळेत असेल तर त्याच्या दाखल्यावरची जात नीट पोटजातीसह लिहिली आहे का, ते आत्ताच बघून घ्या. नुसतं ‘हिंदू’ लिहिलेले दाखले घेऊन बारावीनंतर रडत आलेली पोरं मी पाहिलीत.

महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकर आदल्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळं ३१ मेला आमच्या तालुक्यात निरोप समारंभांना हार पुरत नाहीत. माझ्या समारंभाला आणलेला हार आधी पलीकडच्या शाळेत एका गुरुजींच्या गळ्यात पडून आला होता. माझी तारीखही १ जूनच.